गाडी पुसू नका, टिपा

आमच्या पुण्यातल्या वाघोलीत गाडी धुवायची म्हणजे दोन गोष्टींशी गाठ, टँकरचं पाणी आणि खाणींची धूळ. पाणी इतकं जड की बादलीच्या काठाला पांढरी रेघ धरते, आणि धूळ अशी की सकाळी गाडी चकाचक केली तर संध्याकाळी बॉनेटवर बोटाने नाव लिहिता येतं. माझी गाडी काळी आहे, काळ्या गाडीवर सगळंच दिसतं, त्यामुळे हा विषय मला शिकावाच लागला. हल्ली भाच्याने पहिली गाडी घेतली, तीही काळीच, आणि त्याचा फोन आला की मामा, गाडी पुसायला ऑनलाइन मायक्रोफायबर टॉवेल बघतोय तर कुठे ४०० जीएसएम लिहिलंय कुठे १२००, कुठे ८०-२० कुठे ७०-३०, नक्की काय घेऊ. त्याला फोनवर जे तुकड्यातुकड्यात सांगितलं तेच इथे नीट लिहितोय.

आधी माझी चूक सांगतो. नवी गाडी आल्यावर पहिली दोन वर्षं मी ती जुन्या पंचाने पुसायचो. धुऊन धुऊन लोण्यासारखा मऊ झालेला सुती पंचा, मला वाटायचं याच्याइतकं पेंटला जपणारं दुसरं काही असूच शकत नाही. मग एकदा रात्री पेट्रोल भरायला थांबलो, पंपावरच्या पांढऱ्या लाइटखाली बॉनेटकडे नजर गेली आणि पोटात गोळा आला, सगळ्या बॉनेटभर कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक गोल गोल रेषा. दिवसा सावलीत अजिबात दिसायच्या नाहीत. पॉलिश करणाऱ्या माणसाला दाखवलं तर त्याने एका नजरेत सांगितलं, ‘ही सगळी फडक्याची कामं आहेत.’

तर हे नेमकं होतं कसं ते बघू. गाडीच्या रंगावर सगळ्यात वर एक पारदर्शक थर असतो, क्लिअर कोट म्हणतात, त्याची जाडी साधारण ४०-५० मायक्रॉन, मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. प्लास्टिक पिशव्यांच्या जुन्या नियमामुळे ५० मायक्रॉन हा आकडा आपल्या सगळ्यांना पाठ झालाय, बस, तेवढीच, पातळ कॅरीबॅग असते तेवढी. गाडीची सगळी चमक त्या थरात. आणि आपल्याकडची धूळ म्हणजे काही नुसती माती नाही, तिच्यात दगडाचा चुरा असतो, क्रश सँड असते, बांधकामाची रेती असते, आणि हे सगळं त्या थरापेक्षा कितीतरी कडक असतं. असा एक कण फडक्याखाली सापडला आणि तुम्ही वरून हात दाबून फिरवला की तो कण नांगरासारखा जातो. रेघ अगदी बारीक पडते, पण अशा हजारो झाल्या की लाइट पडल्यावर ते जाळं चमकतं. ओरखडे धुतानाही पडतात, घाणेरडा स्पंज आणि एकच बादली असेल तर पडतातच, पण धुताना निदान साबणाचं पाणी मध्ये असतं, घसरण असते. पुसताना ते पाणीच आपण काढून घेत असतो, कापड कोरडं पेंटवर टेकतं, म्हणून तिथे चूक केली की ती सगळ्यात महागात पडते.

मग कोणी म्हणेल पुसूच नका ना, वाऱ्यावर सुकू दे. तेही जमत नाही, कारण पाणी. तुमच्या घरी आरओवाला येतो तेव्हा पेनासारखं मीटर पाण्यात बुडवून टीडीएस दाखवतो ना, समजा तो आकडा १००० आला, तर एका लिटर पाण्यात १ ग्रॅम क्षार विरघळलेत असा त्याचा अर्थ. गाडीवर राहिलेलं पाणी उडून जातं, क्षार उडत नाहीत, ते थेंब होता तिथेच गोल पांढरा डाग करून बसतात. ताजे असतील तर परत धुतले की जातात, पण एप्रिल-मेच्या उन्हात दोन-चार वेळा भाजले की क्लिअर कोटला असे धरून बसतात की साबणाने हलत नाहीत. बहिणीच्या घरी, सदाशिव पेठेत, कॉर्पोरेशनचं खडकवासल्याचं पाणी येतं, ते धरणाचं पाणी, त्यात क्षार कमी, तिकडे डाग हलके पडतात. वाघोली, उंड्री, असं जिथे बोअर आणि टँकरवर काम चालतं तिथे मात्र गाडी ओली सोडणं म्हणजे डाग मागून घेणं. तेव्हा पाणी काढायचंय, आणि न घासता काढायचंय.

हे कसं करायचं त्यासाठी शब्द आपल्याकडे आधीपासून आहे, टिपणं. शाईच्या पेनाने लिहिलेलं आठवत असेल तर टिपकागदही आठवत असेल, शाई सांडली की आपण तो वहीवर घासायचो नाही, नुसता ठेवायचो, वरून हलका हात द्यायचो, शाई आपोआप वर यायची. घासला तर सगळं पान बरबटायचं. गाडीवरचं पाणी अगदी तसंच काढायचं असतं, आणि मायक्रोफायबर टॉवेल हा मुळात त्या कामाचा आहे. माझ्या डोक्यात हे एकदा बसलं आणि टॉवेल निवडायच्या, वापरायच्या, धुवायच्या सगळ्या नियमांची कारणं त्यातूनच लागत गेली.

आता मायक्रोफायबर म्हणजे काय. कापडाच्या धंद्यात तंतूची जाडी डेनियरमध्ये मोजतात, ९००० मीटर तंतूचं वजन जितके ग्रॅम तितका डेनियर. रेशमाचा तंतू साधारण १ डेनियरच्या थोडा वर असतो. १ डेनियरपेक्षा बारीक तो मायक्रोफायबर, आणि चांगल्या टॉवेलमधला तंतू तर त्याच्याही दहाव्या हिश्श्याइतका, म्हणजे ३-४ मायक्रॉन. आपला केस ५० ते १०० मायक्रॉनचा असतो, यावरून अंदाज करा. इतका बारीक तंतू काढायचं तंत्र जपानमधल्या तोरे कंपनीत मियोशी ओकामोतो यांनी बसवलं आणि १९७० मध्ये त्यातून अल्ट्रास्वेड नावाचं कातड्यासारखं दिसणारं कापड बाजारात आलं. म्हणजे सुरुवात कपड्यांसाठी झाली, पुसायचा टॉवेल हा नंतरचा उपयोग.

टॉवेलमध्ये दोन प्रकारचं प्लास्टिक असतं, पॉलिस्टर आणि पॉलिअमाइड म्हणजे नायलॉन. ते ८०-२० किंवा ७०-३० लिहिलेलं असतं ते याचं प्रमाण, पहिला आकडा पॉलिस्टरचा. हे दोन्ही एकत्र करून आधी जरा जाड तंतू काढतात, आणि तो आडवा कापून सूक्ष्मदर्शकाखाली बघितला तर मोसंबी मधोमध चिरल्यासारखा दिसतो. फोडी पॉलिस्टरच्या, आणि फोडींच्या मधला तो पांढरा पडदा असतो ना, तो नायलॉनचा. मग कापड विणून झाल्यावर त्याच्यावर प्रक्रिया करून त्या फोडी सुट्या करतात. त्याला स्प्लिट होणं म्हणतात. फोडी सुटल्या की एका तंतूचे कितीतरी कोनदार, बारीक तंतू होतात आणि त्यांच्यामध्ये अगणित फटी तयार होतात.

आणि पाणी जे जातं ते या फटींमध्ये. गंमत अशी की पॉलिस्टर स्वतः पाणी जवळपास पीतच नाही. सुती कापडाचं उलट असतं, सुताचा तंतू स्वतः पाणी पिऊन फुगतो, जड होतो, आडवा पडतो, आणि मग पेंटवर सपाट लागतो. मायक्रोफायबरमध्ये तंतू आहे तसाच राहतो, पाणी त्याच्यामधल्या फटीत ओढलं जातं. समईची वात तेल वर ओढते ना, कोणी पंप लावलेला नसतो, तेल नुसतं सुतांच्या मधल्या जागेतून चढत जातं, तीच क्रिया. फट जितकी बारीक तितकी ओढ जास्त. म्हणून चांगला टॉवेल पाण्यावर नुसता ठेवला तरी काम होतं, दाबायची गरजच पडत नाही. शिवाय धुऊनसुद्धा एखादा कण राहिलाच असेल तर तो टॉवेलच्या उभ्या लवेत आत शिरतो, पेंट आणि कापड यांच्या मध्ये चिरडला जात नाही. पंचाला लव नाही, कणाला आत जायला जागा नाही, म्हणून मऊ असूनही त्याने माझ्या बॉनेटवर रेघा मारल्या.

नुसतं मायक्रोफायबर लिहिलंय म्हणून टॉवेल चांगला असं मात्र नाही. बाजारात स्प्लिट न केलेला माल भरपूर आहे, त्यात तो फुगीर, मऊमऊ, कोरल फ्लीसवाला प्रकार बराच असतो, हाताला एकदम ससा, आणि पाण्यावर फिरवला की पाणी पुढे ढकलतो, पीत नाही. ओळखायचं कसं, तर दोन साध्या गोष्टी आहेत. एक म्हणजे टॉवेल तळहातावरून सावकाश ओढायचा, स्प्लिट असेल तर कातडीच्या बारीक भेगांमध्ये, नखाच्या कडेला तो अडकतो, थोडं किळसवाणं वाटतं बऱ्याच जणांना, तर ते वाटणं ही चांगली खूण आहे. गुळगुळीत सरकला तर संशय घ्या. दुसरी परीक्षा घरी, ओट्यावर दोन चमचे पाणी सांडा आणि टॉवेलची कड त्याच्यावरून एकदाच ओढा. मागे कोरडा पट्टा राहिला तर पास, पाण्याचा ओघळ टॉवेलच्या पुढे पुढे पळाला तर नापास. फक्त ही परीक्षा टॉवेल एकदा धुतल्यानंतर घ्यायची, कारण नवीन कपड्यावर कारखान्यातलं फिनिश असतं, ते निघेपर्यंत चांगला टॉवेलसुद्धा नीट पीत नाही.

जीएसएमचं सांगतो, यातच सगळ्यात जास्त गोंधळ होतो. जीएसएम म्हणजे एक चौरस मीटर कापडाचं वजन ग्रॅममध्ये, लग्नपत्रिकेचा कागद घेतानाही हाच आकडा सांगतात, तोच. आणि हा आकडा तुम्हाला घरी तपासता येतो. स्वयंपाकघरातला डिजिटल काटा घ्या. ४० बाय ४० सेंटिमीटरचा कपडा असेल तर ०.४ गुणिले ०.४, ०.१६ चौरस मीटर, त्याच्यावर ४०० जीएसएम लिहिलं असेल तर तो ६४ ग्रॅमच्या आसपास भरला पाहिजे. ४५ भरला तर समजा लेबल खोटं आहे. मोठा ६० बाय ९० चा टॉवेल म्हणजे ०.५४ चौरस मीटर, ८०० जीएसएमचा असेल तर ४३२ ग्रॅम. शिलाई-बिलाईचा थोडा फरक सोडून द्यायचा. मी आता नवीन टॉवेल आला की पहिला काट्यावर ठेवतो, आणि खरं सांगतो, स्वस्तातल्या बऱ्याच टॉवेलांचा आकडा जुळत नाही.

आकडा मोठा म्हणजे टॉवेल चांगला असंही नाही हं. १२०० चा टॉवेल पाणी भरपूर पितो हे खरं, पण ६० बाय ९० च्या टॉवेलचं नुसतं कोरडं वजनच ६५० ग्रॅमच्या आसपास, त्याने वजनाच्या तिप्पट पाणी जरी उचललं तरी ओली गोधडी उचलल्यासारखं होतं, छतावर टाकून परत ओढताना हात भरून येतात, आणि पिळायला जावं तर पिळवत नाही. त्यात आपल्याकडे जुलै-ऑगस्टमध्ये साधे कपडे दोन दोन दिवस वाळत नाहीत तिथे हा कधी वाळणार, आणि ओला राहिला की वास मारतो. माझं मत विचाराल तर हॅचबॅक किंवा छोट्या सेडानला ६०० ते ८०० चे दोन टॉवेल घ्या, ५० बाय ८० किंवा ६० बाय ९०. एकाने नव्वद टक्के पाणी काढायचं, दुसऱ्याने उरलेलं. एसयूव्ही असेल तर पहिला टॉवेल हजारच्या घरातला चालेल. भाच्याला हेच सांगितलं.

विणीचं बघायचं तर गाडी सुकवायला आज सगळ्यात सोयीची वीण म्हणजे ट्विस्टेड लूप, त्याच्यात पीळ दिलेल्या दोऱ्यांच्या वळ्या असतात, जवळून बघितलं तर शेवयांसारख्या. त्या पेंटवर चिकटत नाहीत, ओल्या टॉवेलची ओढ कमी लागते आणि पाणी भराभर आत जातं. दुसरी वॉफल, चौकोनी खड्ड्यांची, पातळ असते, लवकर वाळते, काचेला तर फार छान कारण तिचे तंतू सुटत नाहीत. तिसरी लांब लवेची, प्लश म्हणतात, ती वॅक्स किंवा पॉलिश पुसायला उत्तम, पाणी काढायला चालते पण ओली झाली की पेंटला धरून बसते. दोन्ही बाजूंना एकच वीण आहे का तेवढं बघून घ्या, काही टॉवेल एका बाजूला ट्विस्ट आणि दुसऱ्या बाजूला भलतंच काहीतरी असे येतात.

आणि कड! याकडे कोणी बघत नाही आणि मला सगळ्यात जास्त राग याचा येतो. टॉवेल उत्तम, पण कडेला नायलॉनच्या दोऱ्याची कडक शिलाई आणि कोपऱ्यात तो कंपनीच्या नावाचा खरखरीत टॅग. त्या टॅगची कड नखाने घासून बघा, कशी लागते. घरी आल्या आल्या टॅग शिलाईला धक्का न लावता कापून टाकायचा. कड मऊ कापडाने मढवलेली असेल किंवा शिलाईच नसेल, नुसती कापलेली असेल, तर उत्तम. नाना पेठेत ॲक्सेसरीजच्या दुकानांत गेलात तर टॉवेल उघडून कडेवरून बोट फिरवा, दुकानदार काही बोलत नाहीत. ऑनलाइनला ही सोय नाही, तिथे फोटो मोठा करून फक्त कड बघायची.

बाकीच्या गोष्टींवर जास्त वेळ घालवत नाही. प्लास्टिकच्या नळकांड्यात मिळतो तो पिवळा-निळा शॅमी, जो वाळला की पापडासारखा कडक होतो, तो पाणी खूप पितो पण सपाट असतो, लव नाही, म्हणजे पंचाचीच गोष्ट. रबरी वायपर काचेवर चालेल, पेंटवर नको, एक कण त्याच्या पट्टीत अडकला तर या टोकापासून त्या टोकापर्यंत सरळ रेघ जाते. सिग्नलला मिळणारं पिवळं फडकं डॅशबोर्डला ठीक.

आता प्रत्यक्ष काम. रविवारी सकाळी साडेसहाला, पार्किंगमध्ये ऊन यायच्या आत. बॉनेट हाताला गार लागला पाहिजे, रात्रीत गाडी फिरून आली असेल तर थांबा, गरम पत्र्यावर पाणी डोळ्यादेखत वाळतं. गाडी नीट धुऊन झाली की शेवटचं पाणी मारताना पाइपचा स्प्रे काढून ठेवतो, नुसता उघडा पाइप छताजवळ धरतो आणि पाणी हळूहळू सोडतो. फवारा मारला की हजार थेंब होतात, आणि असं संथ सोडलं की पाण्याचा एकच पडदा सरकत खाली येतो आणि जाताना बाकीचं पाणी बरोबर घेऊन जातो. वॅक्स किंवा कोटिंग असेल तर हे बघत राहावं असं होतं, अर्धं काम इथेच संपतं. पाइप वापरायची सोय नाही, पाणीकपात चालू आहे, तर तांब्याने छतावरून संथ धार सोडली तरी तेच होतं, अर्ध्या बादलीत भागतं. मग दोन मिनिटं गाडी नुसती निथळू द्यायची, घाई करायची नाही.

टॉवेल पूर्ण कोरडा नको, थोडासा दमट करून घट्ट पिळलेला हवा, आधी तेलात भिजवलेल्या वातीला तेल लवकर चढतं तसं. मग तो पूर्ण उघडायचा, छतावर चादर अंथरतो तसा झटकून टाकायचा आणि दोन सेकंद तिथेच राहू द्यायचा. या दोन सेकंदांत बघा, माझा टॉवेल राखाडी आहे, त्याचा रंग खालून गडद होत येतो, डाग पसरत पसरत कडेपर्यंत जातो, पाणी वर येताना दिसतं. मग दोन कोपरे दोन्ही हातांच्या चिमटीत धरायचे आणि आपल्याकडे संथ ओढायचा, टॉवेलच्या स्वतःच्या वजनाशिवाय त्याच्यावर काहीही वजन नको. तळहात ठेवायचा नाही. हात ठेवायची इतकी सवय असते आपल्याला की पहिल्या चार वेळा मला आठवण ठेवावी लागली. मागे बारीक बारीक दवासारखे ठिपके राहतात, त्यांच्यामागे लागायचं नाही, ते मिनिटभरात दुसऱ्या टॉवेलने टिपायचे.

क्रम वरून खाली. छत, मग काचा, बॉनेट, डिकी, मग दरवाजांचा वरचा भाग. दरवाजा उभा असतो, तिथे टॉवेल अंथरता येत नाही, म्हणून चार घड्या करून नुसता टेकवायचा, उचलायचा, पुढे टेकवायचा, बाळाचं अंग आंघोळीनंतर टिपतात तसं. घड्या घालण्याचा फायदा असा की दोनदा दुमडला की उलटसुलट करून आठ बाजू मिळतात, एक ओली झाली की दुसरी. पाणी सोडायला लागला की पिळायचा, मी दोनदा पिळतो, एकदा छत-बॉनेट झाल्यावर आणि एकदा शेवटी. दरवाजाच्या मोल्डिंगखालचा भाग, चाकांच्या वरची कमान, बंपरचा खालचा ओठ, इथे कितीही धुतलं तरी चिखल राहतो, तिथे मोठा टॉवेल लावायचाच नाही, जुना वेगळा ठेवायचा. रंग ठरवून टाका, आमच्याकडे राखाडी वरच्या अंगाला, निळा काचेला, पिवळा खालच्या अंगाला आणि दरवाजाच्या आतल्या कडांना, घरात बायको-मुलं सगळ्यांना हे पाठ आहे.

आरशांच्या मागे, दरवाजाच्या हँडलमध्ये, नंबरप्लेटमागे, पेट्रोलच्या झाकणात पाणी लपून बसतं, आणि सगळं झाल्यावर दहा मिनिटांनी आरशाखालून ओघळ येतो. म्हणून मी गाडी सोसायटीच्या आतच एक चक्कर मारून आणतो, दोन-तीनदा ब्रेक दाबतो. आरशांतलं पाणी बाहेर येतं, ते टिपता येतं, आणि ब्रेकच्या डिस्कही कोरड्या होतात, नाहीतर रात्रभरात त्यांच्यावर तांबूस गंज धरतो.

टॉवेल जमिनीवर पडला की त्या दिवशी संपला. झटकून चालत नाही, लवेत गेलेली रेती झटकून निघत नाही, धुवावाच लागतो. आणि सगळं झाल्यावर टॉवेल उजेडात धरून बघा, त्याच्यावर तपकिरी पट्टे दिसले तर दोष टॉवेलचा नाही, गाडी धुतलीच नीट गेली नाहीये, त्या पट्ट्यातली प्रत्येक रेघ पेंटवरून आलेली आहे. नीट धुतलेल्या गाडीचा टॉवेल फक्त ओला होतो, मळत नाही.

हिवाळ्यात सकाळी गाडीवर दव पडलेलं असतं आणि पार्किंगमध्ये निम्मे लोक फडकं घेऊन ते पुसत असतात, फुकटात गाडी धुऊन होते म्हणून. कृपा करून हे करू नका. दव म्हणजे रात्रभर बसलेल्या धुळीत मिसळलेलं थोडंसं पाणी, म्हणजे पातळ चिखल, आणि त्याच्यावर फडकं मारणं म्हणजे पॉलिश पेपर मारणं. पावसात भिजून आलेल्या गाडीचंही तेच. काचा पुसा, बाकी गाडी तशीच राहू द्या, धुवायची असेल तेव्हा भरपूर पाणी मारूनच हात लावा.

आमच्याकडे गाड्या पुसायला एक मुलगा येतो, सकाळी दोन तासांत वीस-बावीस गाड्या, एक बादली, एक फडकं. त्याची चूक नाही, त्याला पैसे गाडीमागे मिळतात आणि रोज पाणी बदलायला वेळ कोण देतो त्याला. मी त्याला म्हटलं, माझी गाडी रोज पुसू नकोस, काचा आणि आतून कर, पैसे तेवढेच घे. तो जरा बावरला, ‘काका, काही चुकलं का माझं?’ मग त्याला बॉनेटवरच्या जुन्या रेषा मोबाइलच्या टॉर्चमध्ये दाखवल्या. तो बराच वेळ वाकून बघत राहिला, बाजूच्या गाडीवरही टॉर्च मारून बघितला, आणि म्हणाला हे मला कोणी सांगितलंच नव्हतं. माझे दोन जुने टॉवेल त्याला दिले, एक ओला मारायला एक टिपायला, आता किमान दर चार गाड्यांना पाणी बदलतो.

राहिलं टॉवेल धुणं, आणि इथे चांगले चांगले टॉवेल मरतात. मगाशी म्हटलं ना की सगळी करामत तंतूंमधल्या फटींची आहे, तर त्या फटी बुजल्या की टॉवेल संपला. बुजवणाऱ्या गोष्टी तीन. पहिली फॅब्रिक कंडिशनर, ते कपड्याच्या तंतूवर मऊ, मेणचट थर चढवतं, साडीला छान, टॉवेलला विष. दुसरी गोष्ट सुती कपड्यांची लव, टॉवेल पायपुसण्याबरोबर किंवा पंचांबरोबर मशीनमध्ये टाकला की सगळी लव तो स्वतःत ओढून घेतो आणि पुढच्या रविवारी ती गाडीवर चिकटते. तिसरी गोष्ट आपलं जड पाणी, क्षार टॉवेलमध्येही बसतात, पावडर त्या पाण्यात नीट विरघळत नाही, तिचा चुराही आत राहतो, आणि टॉवेल वाळल्यावर कडकडीत होतो. त्यामुळे लिक्विड डिटर्जंट, नेहमीपेक्षा निम्मं, फक्त मायक्रोफायबरचेच कपडे एकत्र, कोमट पाणी फार तर ४० डिग्री, आणि एक जास्तीचं खळबळणं. ब्लीच नाही. इस्त्री तर अजिबात नाही, हे प्लास्टिक आहे, इतके बारीक तंतू उष्णतेने आखडतात, त्यांची टोकं कडक होतात आणि मग तोच टॉवेल ओरखडे काढायला लागतो. ड्रायर असेल तर सगळ्यात कमी उष्णतेवर.

कडक झालेला टॉवेल फेकू नका, आधी अर्धी बादली पाण्यात अर्धा कप पांढरं व्हिनेगर घाला, तासभर भिजवा, स्वच्छ पाण्यात दोनदा खळबळा. क्षार व्हिनेगरमध्ये विरघळतात, केटलमधला पांढरा थर निघतो तसे. माझा एक टॉवेल असा पुठ्ठ्यासारखा झाला होता, भिजवल्यावर बादलीतलं पाणी गढूळ झालं आणि टॉवेल परत पाणी प्यायला लागला. वाळवायचा सावलीत, आणि आमच्यासारख्या ठिकाणी गॅलरीत नाही, घरात पंख्याखाली, नाहीतर ज्या धुळीपासून गाडी वाचवतोय तीच धूळ ओल्या टॉवेलवर बसते. वाळला की झाकणाच्या डब्यात किंवा झिपच्या पिशवीत, डिकीत उघडा कधीच नाही.

एवढं सांभाळलं तर टॉवेल वर्षानुवर्षं टिकतो. लव दबायला लागली, व्हिनेगरने पण फरक पडेना, तर त्याला वरच्या अंगावरून खाली उतरवायचा, पहिलं दरवाजाच्या आतल्या कडांना, मग चाकांना, शेवटी मुलाच्या सायकलच्या चेनला. चेनला एकदा लागलेला टॉवेल मशीनमध्ये परत टाकायचा नाही, त्याचं ग्रीस बाकीच्या सगळ्या टॉवेलांना लागतं.